शंभरातली दोन

बियाण्याच्या दोन पुड्या मीच नेल्या होत्या सुसलादला,
मोटारसायकलच्या डिकीत, जेवणाच्या डब्याशेजारी.
एकीवर कोड सतरा, एकीवर कोड चाळीस.
नावं कंपनीला ठाऊक.
मला पगार आहे तो नंबरांचा.

सतरा ही मादी, चाळीस हा नर, असं सांगितल्यावर
तंगेव्वा बिराजदारनं पुड्या दोन तळहातांवर तोलल्या.
"म्हंजे लगीन लावायचं. आन् नावाबिगर?"
त्या दिवसापासून चाळीस नंबर झाला जावई:
बांधाकडची एक ओळ, उशिरा उगवलेली,
लवदार देठाची, जरा ताठच.
सतराला मात्र तिनं नाव ठेवलं नाही.
म्हणाली, लेकीला परक्यासमोर हाक मारू नये.

वीस गुंठे, करारात लिहिलेले,
आणि खाली मलकारीची सही,
तिच्यातला 'ल' पाठीवर पडलेला.

भाद्रपदात काम सुरू होतं दुपारी तीनला.
उद्या उमलणारी कळी आज ओळखायची:
फुगलेली, पिवळसर, तोंड अजून मिटलेलं.
नखानं पाकळ्यांची टोपी सोलायची,
परागाचे दाणे सगळे खरडायचे, एकही मागे नको,
आणि मधल्या काडीला कळूसुद्धा द्यायचं नाही.
मग वर लाल कागद.
सकाळी दव वाळलं की
जावयाचं एक फूल पाचजणींना टेकवायचं
आणि देठाला दोरा.

ट्रेनिंगमध्ये मी आठातल्या सहा कळ्या मोडल्या होत्या.
ती एका दुपारी चारशे करते,
शेजारच्या निंगव्वाशी कन्नडमधून भांडत, मान न वळवता.
अंगठ्याचं एक नख वाढवते,
बाकी नऊ कापते.

माझं काम चुका शोधण्याचं.
दोरा नसलेलं बोंड दिसलं की तोडायचं.
ते आपोआप धरलेलं, नुसतं आईवर गेलेलं;
कंपनीला चालत नाही.
एका फेरीत अकरा तोडली, रजिस्टरला लिहिली.
तिनं ती ओच्यात घेतली, शेळीपुढे टाकली.
शेळीनं एक चावलं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

पौषात जिनवर सरकी वेगळी, रुई वेगळी.
रुई तुमची, सरकी कंपनीची,
मूठभरसुद्धा घरात राहता कामा नये:
कलम नऊ वाचताना माझा आवाज उगाच खाली गेला.
"मोठ्यानं वाच की," ती म्हणाली,
"चोरी तू करतुयास का मी?"

निम्मे पैसे तेव्हा. निम्मे चाचणीनंतर.
चाचणी म्हणजे लांब कुठंतरी, ना तिनं पाहिलेल्या ना मी,
एका रानात तिचं बी पेरतात
आणि पोरं कुणावर गेलीत ते बघतात.

ज्येष्ठात फोन आला. शंभरात अठ्ठ्याण्णव. पास.
मी गाडी काढली, बोर नदीच्या कोरड्या पात्रातूनच घातली.
मलकारीनं विचारलं, खात्यावर कवा पडत्याल.
सोमवारपर्यंत, म्हटलं.
तंगेव्वा ज्वारी पाखडत होती.
"आन् दोन?"
दोन वेगळी निघाली, म्हटलं. पान रुंद, बुटकी.
एवढं चालतं. दोन धरलेलीच असतात.
सूप थांबलं.
"त्या दोघींचं काय केलं?"

उपटली असणार. उपटतातच.
पण मला तसं कुणी कळवलेलं नव्हतं
आणि निकालाच्या कागदावर तो रकाना नाही.
"विचारून सांगतो," म्हणालो,
हे मी बऱ्याच जणांना म्हणतो,
आणि डिकीतून नव्या सालाच्या पुड्या काढल्या.
नऊ आणि बासष्ट.

तिनं नऊची पुडी कानाशी नेऊन हलवली.
"ही बोलकी हाय," म्हणाली.